पार्ट हातभर लांब, मजुरी कशी सांगाल? कॉर्व्हेटच्या फॅन स्विचवरून शिकूया कामाचा हिशोब



सर्व्हिस धंद्यातल्या मजुरीवर आपण व्हिडिओ केला, त्यानंतर एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला. "सर, पार्ट तीनशे-चारशेचा असतो, पण तो बदलायला अर्धा दिवस जातो. गिऱ्हाइकाला मजुरी सांगायची कशी? तो म्हणतो, एवढ्याशा वस्तूला एवढे पैसे?"

प्रश्न गॅरेजवाल्याचा आहे, एसी दुरुस्तीवाल्याचा आहे, प्लंबरचा आहे आणि मोबाइल रिपेअरवाल्याचाही आहे. म्हणून आज एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत उलगडून बघू. उदाहरण मुद्दाम लांबचं घेतलंय: अमेरिकेतली स्पोर्ट्स कार शेवरोले कॉर्व्हेट आणि तिच्या इंजिनात मागे दडलेला कूलिंग फॅनचा स्विच. तुमच्यापैकी बहुतेकांच्या हाताखाली ही गाडी कधीच येणार नाही. पण पार्ट छोटा, जागा अडचणीची, चुकलं तर नुकसान मोठं, असं काम शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला मिळालं नाही.

आधी तंत्र समजून घेऊ, मग पैशाकडे येऊ. क्रम उलटा करू नका. ज्याला काम कळत नाही, त्याला त्या कामाचा दरही ठरवता येत नाही.

गाडी कोणती आणि स्विच कुठे?

कॉर्व्हेटची चौथी पिढी, म्हणजे शौकीन लोक जिला सी-४ म्हणतात ती, १९८४ ते १९९६ या मॉडेल-वर्षांत विकली गेली. केंटकी राज्यातल्या बोलिंग ग्रीनच्या कारखान्यात ती बनायची. आपण बोलतोय ते १९८५ ते १९९१ च्या गाड्यांबद्दल. यांत ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं, त्याचं नाव एल-९८. व्ही-८ म्हणजे आठ सिलिंडर, चार डावीकडे आणि चार उजवीकडे.

या गाडीचं बॉनेट बघण्यासारखं आहे. नुसतं झाकण उघडत नाही, दोन्ही बाजूंच्या मडगार्डांसकट अख्खा पुढचा भाग पुढे कलतो. मेकॅनिक चक्क पुढच्या टायरवर बसून काम करू शकतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, वा! हिच्यात तर सगळं हाताशीच आहे.

आणि तिथेच फसगत होते. ज्या गाड्यांत दुसरा, म्हणजे मदतीचा फॅन आहे, त्या फॅनचा स्विच रेडिएटरवर नाही. तो उजव्या बाजूच्या सिलिंडर हेडमध्ये, सहाव्या आणि आठव्या सिलिंडरच्या प्लगांच्या मधोमध बसवलेला आहे. आठवा सिलिंडर म्हणजे त्या बाजूचा शेवटचा, केबिनच्या पत्र्याला लागून. शेजारी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, दोन्ही बाजूंना प्लग आणि त्यांच्या वायरी, भोवती एसीचे पाइप आणि होज. स्विच दिसला तरी हात पोचत नाही, आणि हात पोचला तर पाना फिरत नाही.

एक गोष्ट लगेच लिहून ठेवा. १९९२ पासून याच गाडीत इंजिन बदललं, एलटी-१ आलं, आणि दोन्ही फॅन कॉम्प्युटरच्या ताब्यात गेले. म्हणजे १९९२ च्या गाडीत हा हेडमधला स्विच शोधत बसणारा माणूस दिवसभर शोधतच बसेल. गाडीचं मॉडेल-वर्ष विचारल्याशिवाय कुठल्याच कामाचा अंदाज द्यायचा नाही, तो यासाठी.

फॅन कधी लागतो, कधी लागत नाही

गाडी पळत असते तेव्हा समोरून येणारा वारा रेडिएटर थंड करतो, फॅनची गरज जवळपास नसतेच. गाडी सिग्नलला किंवा ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की वारा बंद, इंजिन मात्र चालूच. अशा वेळी फॅन लागलाच पाहिजे.

सी-४ मध्ये मुख्य फॅन इंजिनचा कॉम्प्युटर चालवतो. कूलंटचं तापमान साधारण १०९ अंश सेल्सिअसला गेलं की तो फॅन सुरू करतो. एसी चालू असेल तर त्याआधीही. त्यानेही भागलं नाही आणि तापमान साधारण ११४ अंशांवर गेलं, तर हेडमधला आपला स्विच मदतीचा फॅन सुरू करतो.

आता तुम्ही म्हणाल, पाणी तर १०० अंशांना उकळतं, मग ११४ पर्यंत वाट कसली बघायची? उत्तर सोपं आहे. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नसतं, कूलंट आणि पाणी अर्धं-अर्धं असतं. शिवाय कॅप दाबाची असते. साधारण १५ पीएसआय दाबाखाली हे मिश्रण १२९ अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे ११४ अंशांना अजून जागा शिल्लक असते. पण ती शिल्लक फक्त दोन अटींवर: कॅप दाब धरणारी हवी आणि मिश्रण बरोबर हवं. कॅप ढिली आणि आत नळाचं पाणी, अशी अवस्था असेल तर सगळं गणित बिघडलं.

स्विचचं काम अगदी साधं. एकच वायर असते. स्विच गरम झाला की आतला संपर्क जुळतो आणि ती वायर इंजिनच्या लोखंडाशी किंवा अ‍ॅल्युमिनियमशी, म्हणजे अर्थशी जोडली जाते. त्यामुळे रिले ओढला जातो आणि रिले फॅनला करंट देतो. फॅनचा जड करंट स्विचमधून जात नाही, तो रिलेतून जातो. हे लक्षात ठेवा, पुढे तपासणीला लागणार आहे.

आधी रोग, मग औषध

नवशिक्या माणूस गिऱ्हाइकाचं ऐकतो आणि थेट पाना उचलतो. "फॅन लागत नाही" म्हटलं की स्विच बदलला. बदलून झाल्यावरही फॅन लागला नाही, तर तीन तास गेले, पार्ट गेला आणि विश्वासही गेला. अडचणीच्या जागेतला पार्ट असेल तर तपासणीला दुप्पट महत्त्व आहे.

क्रम असा ठेवा. स्वस्त आणि हाताशी असलेलं आधी, महाग आणि दूर असलेलं शेवटी.

१. बिघाड आहे का, तेच बघा. १९८९ पर्यंतच्या सी-४ ला डिजिटल मीटर आहे, तापमान आकड्यात दिसतं, तेही फॅरेनहाइटमध्ये. मालकाला २१५ दिसलं की तो घाबरतो आणि म्हणतो फॅन लागत नाही. २१५ फॅरेनहाइट म्हणजे जेमतेम १०२ सेल्सिअस. त्या तापमानाला फॅन लागायचाच नसतो. गाडी निरोगी आहे. अशा मालकाला समजावून परत पाठवणारा मेकॅनिक त्या दिवशी एक बिल घालवतो आणि एक कायमचं गिऱ्हाईक कमावतो.

२. कूलंटची पातळी. पातळी खाली गेली की स्विचच्या टोकाला कूलंट लागतच नाही, हवा लागते. स्विच चांगला असूनही उशिरा जागा होतो.

३. रेडिएटरच्या पुढचा कचरा. सी-४ हवा समोरच्या जाळीतून नाही, तर खालून, बंपरच्या तळाकडून ओढते. त्यामुळे रस्त्यावरची पानं, कागद, प्लॅस्टिकच्या पिशव्या वर ओढल्या जातात आणि एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये अडकतात. बाहेरून काही दिसत नाही. या गाडीच्या गरम होण्याच्या कितीतरी तक्रारींचं मूळ इथे असतं.

४. फ्यूज, मग फॅनची मोटर. मोटरला बॅटरीवरून थेट बारा व्होल्ट द्या. फिरली तर मोटर ठीक.

५. स्विचची वायर अर्थ करा. हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा. इंजिन बंद, चावी ऑन. स्विचची वायर काढा आणि तिचं टोक एका जंपर वायरने इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवा. फॅन फिरला, तर फ्यूज, रिले, मोटर, वायरिंग सगळं बरोबर आहे, संशय फक्त स्विचवर उरतो. फिरला नाही, तर स्विचला हातही लावू नका, दोष अलीकडे कुठेतरी आहे.

पाच मिनिटांची ही एक चाचणी तीन तासांचं फुकट काम वाचवते.

इथे एक गंमत सांगतो. स्विच काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाकायचा आणि मल्टिमीटर लावून बघायचं, ही पद्धत बरेच जण शिकवतात. ९० किंवा ९५ अंशांना जुळणाऱ्या स्विचसाठी ती उत्तम आहे. पण हा स्विच ११४ अंशांचा. उघड्या पातेल्यातलं पाणी १०० च्या वर जाणारच नाही. चांगला स्विचसुद्धा या परीक्षेत नापास होणार, आणि आपण गिऱ्हाइकाला सांगणार, "खराब झालाय." पद्धत कुणीतरी शिकवली म्हणून वापरायची नसते, ती आपल्या पार्टला लागू आहे का ते बघायचं असतं.

काम टप्प्याटप्प्याने

आता स्विचच खराब आहे हे पक्कं झालं. काम असं होतं.

इंजिन पूर्ण थंड. गाडी आदल्या संध्याकाळी घेतली तर उत्तम. गरम इंजिनाची कॅप उघडली तर दाबाखालचं कूलंट उसळून अंगावर येतं. पोरगा भाजला तर कुठल्याच बिलातून ते भरून निघत नाही. दुसरं कारण तांत्रिक आहे. १९८७ पासूनच्या सगळ्या एल-९८ कॉर्व्हेटला अ‍ॅल्युमिनियमचं हेड आहे. गरम अ‍ॅल्युमिनियममधून घट्ट बसलेला पार्ट ओढून काढला तर आटे सोबत यायची भीती असते.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हात फॅनच्या आणि वायरिंगच्या जवळ जाणार आहे. "चावी बंद आहे" यावर विसंबायचं नाही.

कूलंट काढा. रेडिएटरच्या तळाच्या कॉकमधून, स्वच्छ भांड्यात. कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, म्हणून उघडं ठेवायचं नाही आणि गटारातही सोडायचं नाही.

वाट मोकळी करा. सहा आणि आठ नंबरच्या प्लगच्या वायरी काढा, काढण्याआधी त्यांवर नंबरची चिकटपट्टी लावा. शक्यतो ते दोन प्लगही काढून ठेवा. कारण मोठा पाना अडचणीत फिरवताना पहिला धक्का प्लगच्या चिनी मातीला बसतो. ती तडकली की तडा दिसत नाही, गाडी मिस मारते आणि दोष आपल्या माथी येतो. काही जण हे काम वरून करतात, काही जण गाडी उचलून खालून लांब एक्स्टेन्शन आणि युनिव्हर्सल जॉइंट लावून करतात. हातांची ठेवण आणि हत्यारं ज्याची त्याची. गाडी उचलली तर मात्र स्टँडवरच. नुसत्या जॅकवर ठेवून खाली जायचं नाही.

कनेक्टर सांभाळा. एक्झॉस्टच्या शेजारी वर्षानुवर्षं भाजून प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. वायर धरून ओढू नका, कनेक्टर धरून काढा. तुटेल असं वाटत असेल तर नवा कनेक्टर आधीच आणून ठेवा.

स्विच सोडवा. सहा कोनांची खोल गोटी वापरा, बारा कोनांची नको. स्विचचं अंग मऊ असतं, कोपरे घासले गेले की काम दुप्पट. जाम असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. झटके न देता सावकाश ताण द्या. थोडं घट्ट, थोडं सैल, असं पुढे-मागे करत आणा.

नवा स्विच हातात धरूनच जुना काढा. रेडिएटर रिकामा केला तरी हेडमधून थोडं कूलंट येतंच. ते गरम मॅनिफोल्डवर सांडलं तर पहिल्या चाचणीत धूर निघतो. आधीच पुसून घ्या आणि मालक उभा असेल तर त्याला तसं सांगून ठेवा.

सील कमी, अर्थ पक्की. याचे आटे निमुळते, पाइपच्या आट्यांसारखे असतात. ते घट्ट होत जातात तसे सील होतात. इथे पांढऱ्या टेपचे पाच-सहा वेढे मारायची सवय असेल तर ती सोडा. या स्विचची अर्थ आट्यांमधूनच जाते. टेपचा जाड थर बसला की गळती बंद, पण फॅनही बंद. आट्यांना पातळ सीलंट पुरतं. आधी हाताने तीन-चार आटे बसवा, मगच पाना लावा. अ‍ॅल्युमिनियममध्ये जास्तीचा जोर लावला की आटे जातात, आणि मग हेड उतरवायची वेळ येते. चारशेच्या पार्टचं काम थेट लेथवाल्याच्या दारात.

भरा, हवा काढा, तपासा. कूलंट आणि शुद्ध पाणी अर्धं-अर्धं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, म्हणजे हीटरच्या वळणात अडकलेली हवा निघते. पातळी पुन्हा बघा. मग गाडी जागेवर उभी ठेवून तापू द्या आणि फॅन स्वतःहून लागतो का ते बघा. हेडच्या तापमानावर लेझरचा थर्मामीटर धरा. स्विच बसवला म्हणून काम संपत नाही. फॅन आपणहून लागला, आपणहून बंद झाला, खाली थेंब नाही, तेव्हा ते संपतं.

"डायरेक्ट" करून देऊ का?

आता आपल्या गॅरेजमधला सगळ्यात मोठा मोह. अडचणीतला पार्ट दिसला की कुणीतरी म्हणतंच, "कशाला हात घालता? फॅन डायरेक्ट करून देतो. चावी लावली की फॅन चालू." नाहीतर डॅशबोर्डखाली एक बटण बसवून देतो. वीस मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश. अमेरिकेतही जुन्या कॉर्व्हेटचे मालक असं बटण बसवून घेतात, तेव्हा ही फक्त आपली सवय आहे असं समजू नका.

काही वेळा डायरेक्ट करणं योग्यच असतं. कुटुंब हायवेवर अडकलंय, पार्ट मिळत नाही, घरी पोचायचंय. तिथे ती सोय नाही, ती मदत आहे. पण कायमचा इलाज म्हणून त्याचा हिशोब बघा.

चावीसोबत सतत फिरणारा फॅन गरज नसताना फिरतो. त्याची मोटर लवकर झिजते, विजेवरचा भार वाढतो. रिले न घालता पातळ वायरने डायरेक्ट केलं असेल तर वायर तापते. बटणवाल्या गाडीत तर सगळा भरवसा माणसाच्या आठवणीवर. मालकाला माहीत असतं, पण एक दिवस गाडी भाऊ घेऊन जातो. ट्रॅफिकमध्ये बटण कोण दाबणार? इंजिन तापतं, हेड गॅस्केट उडते, अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं. मग हेड उतरवा, फेसिंग करा, नवी गॅस्केट, नवं कूलंट. तीन तासांची मजुरी वाचवायला गेलो आणि अख्ख्या इंजिनाचं काम ओढवून घेतलं.

माझं मत स्पष्ट आहे. डायरेक्ट करायचंच असेल तर बिलावर शब्दात लिहा: "तात्पुरती सोय, स्विच बदलणे बाकी." गिऱ्हाइकाची सही घ्या. ज्या कामावर आपलं नाव लिहायला आपण कचरतो, ते काम कायमचं म्हणून विकायचं नाही.

आता हिशोब

आता मूळ प्रश्न. मजुरी किती?

समजा आपल्याकडच्या एखाद्या गाडीत इतकंच अडचणीतलं काम आलं. वेळ अशी धरू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुमचे तुम्ही घाला.

- तपासणी: ४० मिनिटं
- वाट मोकळी करणं: ६० मिनिटं
- स्विच काढून नवा लावणं: २५ मिनिटं
- सगळं परत जोडणं: ३० मिनिटं
- कूलंट, हवा, चाचणी: ४० मिनिटं

बेरीज १९५ मिनिटं, म्हणजे सव्वातीन तास. यात प्रत्यक्ष "पार्ट बदलणं" फक्त २५ मिनिटांचं, जेमतेम आठवा हिस्सा. गिऱ्हाइकाला दिसतो तो हा आठवा हिस्सा. उरलेले सात हिस्से त्याला दिसत नाहीत, आणि आपण सांगत नाही. भांडण तिथून सुरू होतं.

आता एका तासाचा दर. एक छोटं गॅरेज धरू. भाडं २५,०००. दोन मेकॅनिक प्रत्येकी २२,००० म्हणजे ४४,०००. एक हेल्पर १२,०००. लाइट, फोन, विमा, किरकोळ ९,०००. आणि मालकाचा स्वतःचा पगार ३०,०००. हो, मालकाचा पगार धरायचाच. "उरेल ते माझं" हा पगार नसतो, ती लॉटरी असते. एकूण झाले १,२०,००० रुपये महिना.

दोन मेकॅनिक, २५ दिवस, रोज ८ तास: ४०० तास. इथे बहुतेक जण १,२०,००० भागिले ४०० करतात आणि ३०० रुपये तास धरतात. पण ४०० च्या ४०० तासांचं बिल होतं का? पार्टची वाट, गिऱ्हाइकाशी बोलणं, झाडलोट, रिकामी दुपार, हे सगळं त्यातच असतं. ६० टक्के तासांचं बिल झालं असं धरा, म्हणजे २४० तास. १,२०,००० भागिले २४०, एका तासाचा खरा खर्च ५०० रुपये. त्यावर हत्यारांची झीज, पुन्हा आलेलं काम आणि नफा यासाठी २० टक्के. दर झाला ६०० रुपये तास.

सव्वातीन तास गुणिले ६००, मजुरी १,९५० रुपये. ३०० च्या दराने सांगितली असती तर ९७५. खर्च मात्र सव्वातीन गुणिले ५००, म्हणजे १,६२५. दर कामाला ६५० रुपये खिशातून. महिनाभर गॅरेज भरलेलं, आणि महिनाअखेरीला भाड्यासाठी उसनवारी. असे मित्र तुम्हीही बघितले असतील. त्यांच्या कामात खोट नसते, भागाकारात असते.

अमेरिकेत यासाठी लेबर गाइड वापरतात. चिल्टन, मिचेल ही त्यातली जुनी नावं. कुठल्या गाडीत कुठला पार्ट बदलायला किती तास, हे त्यात छापलेलं असतं. गॅरेज ते तास आपल्या दराने गुणतं आणि आधीच सांगतं. मेकॅनिकने काम लवकर उरकलं तरी बिल तेच, उशीर झाला तरी तेच. म्हणजे कसब असणाऱ्याला फायदा आणि गिऱ्हाइकाला आकडा आधी माहीत. आपल्याकडे कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला अशी मजुरीची यादी असते. छोट्या गॅरेजला कोणी देत नाही, म्हणून ती आपण आपली बनवायची. एक वही ठेवा: गाडी, वर्ष, काम, लागलेला वेळ, काय अडलं. सहा महिन्यांत तुमच्या गावातल्या गाड्यांचं तुमचं स्वतःचं गाइड तयार होईल. ही वही तुमच्या हत्यारांइतकीच मोलाची आहे.

गिऱ्हाइकाशी कसं बोलाल?

काम सुरू करण्याआधी बोला. गाडी खोलल्यावर दर सांगितला तर तो माणूस अडकल्यासारखा वाटून घेतो.

"अहो दादा, पार्ट चारशेचा आणि मजुरी एकोणीसशे पन्नास?"

"साहेब, पार्टची मजुरी नाही ही, पार्टपर्यंत पोचायची आहे. हा फोटो बघा. स्विच इथे मागे आहे. हे दोन प्लग आणि ही वायरिंग काढल्याशिवाय पाना बसत नाही. मग कूलंट परत भरून गाडी तापवून तुम्हाला फॅन लागलेला दाखवणार. सव्वातीन तासांचं काम आहे."

"आणि तरीही फॅन लागला नाही तर?"

"म्हणून तर तपासणी आधी केली. वायर अर्थ केल्यावर फॅन तुमच्यासमोर फिरला ना? म्हणजे दोष स्विचचाच."

"बाजूचा तर तीनशेत डायरेक्ट करून देतो म्हणतो."

"करून देईल. मीही देईन, पण बिलावर 'तात्पुरतं' लिहून देईन. कायमचं हवं असेल तर हे करा."

यात आवाज चढवलेला नाही, दुसऱ्याची निंदा नाही आणि दर एक रुपयाने उतरलेला नाही. दर पटवायला भाषण लागत नाही, फोटो लागतो. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे. अडचणीच्या जागेचा एक फोटो काम सुरू करायच्या आधी, एक जुन्या पार्टचा, एक नव्याचा. जुना पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्या.

आणखी एक. तिथवर हात गेलाच आहे, तर आजूबाजूचं बघा. प्लग जुने झालेत का, होज फुगलाय का, कॅप दाब धरते का. आत्ता बदलले तर फक्त पार्टचे पैसे, सहा महिन्यांनी बदलले तर पुन्हा सगळी वाट मोकळी करायची मजुरी. हे गिऱ्हाइकाला फोनवर सांगा, त्याने हो म्हटलं तरच करा, आणि त्याचा "हो" मेसेजमध्ये घ्या. न विचारता केलेलं चांगलं कामही बिलावर चोरीसारखं दिसतं.

काही कामं नाकारायचीही असतात. लांब एक्स्टेन्शन नाही, गाडी उचलायला स्टँड नाहीत, मॉडेलची माहिती नाही, तर "मला जमणार नाही, पण अमुक ठिकाणी जमेल" असं सांगणं हाही धंदाच आहे. हेडचे आटे घालवून शिकण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमचा धंदा कोणताही असो, तीन गोष्टी करा.

एक, तुमच्या महिन्याच्या खर्चाची यादी करा, त्यात स्वतःचा पगार घाला आणि खरोखर बिल झालेल्या तासांनी भागा. जो आकडा येईल त्याकडे नीट बघा.

दोन, तुमच्याकडचं सगळ्यात कटकटीचं एक काम निवडा आणि पुढच्या वेळी त्याच्या प्रत्येक टप्प्याची वेळ घड्याळ लावून लिहा. "पार्ट बदलणं" कितवा हिस्सा निघतो ते बघा.

तीन, त्या कामाची "स्वस्त आणि हाताशी असलेलं आधी" अशी तपासणीची यादी बनवा आणि भिंतीवर लावा. हेल्परलाही ती वाचता आली पाहिजे.

पुढच्या व्हिडिओत याच वहीवरून आपण वॉरंटीचा विषय घेणार आहोत: कामाची हमी किती दिवसांची द्यायची आणि परत आलेल्या कामाचा खर्च आधीच दरात कसा धरायचा. त्याआधी वही विकत आणा. शंभर पानी पुरे.

भेटूया.